फ्रेम परत घेऊन जा

गेल्या रविवारी तू पेढ्यांचा पुडा आणि ती फ्रेम घेऊन आलास. "सर, आयएसओ मिळालं," म्हणालास आणि वाकून पाया पडलास. तेव्हा मी काही बोललो नाही. सूनबाई सोबत होती, तुझा धाकटा माझ्या मांडीवर बसला होता, आणि लेकरासमोर बापाला बोलू नये एवढं मला कळतं. पण फ्रेम मी मुद्दाम ठेवून घेतली. रात्री चष्मा लावून वाचली. सोमवारी तुला फोन करून एकच प्रश्न विचारला, "ऑडिटला कोण आलं होतं रे?" तू म्हणालास, "कुणी नाही सर. मोबाइलवर फोटो मागवले होते. गेटचा, मशिनचा आणि माझा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून लिहितो आहे. शेवटपर्यंत वाच, आणि वाचताना मनातल्या मनातसुद्धा "पण सर" म्हणू नकोस.

आधी त्या कागदावर काय छापलंय ते बघ. तू ते बघितलेलंच नाहीस, नुसतं काचेत बसवलंस. मधोमध निळा पृथ्वीगोल आणि त्यावर आयएसओचं बोधचिन्ह. हे बोधचिन्ह सर्टिफिकेटवर छापायची परवानगी आयएसओ कुणालाही देत नाही. आयएसओ ही जिनिव्हातली संस्था १९४७ पासून मानकं लिहिते. ती कुणाच्या कारखान्यात तपासणीला येत नाही, कुणाला पास-नापास करत नाही, सर्टिफिकेट तर देतच नाही. तेव्हा "मला आयएसओनं सर्टिफिकेट दिलं" हे जे तू गावभर सांगत सुटला आहेस, ते पहिलं वाक्यच चूक. सर्टिफिकेट देतात त्या वेगळ्या संस्था, आणि सगळा प्रश्न त्या संस्था कोण, त्यांना कुणी तपासलंय, इथे येऊन थांबतो.

त्याच्या खाली कामाची व्याप्ती लिहिली आहे: सर्व प्रकारच्या अभियांत्रिकी वस्तूंचं उत्पादन, पुरवठा, निर्यात आणि सेवा. अरे, तुझ्या गाळ्यात चार लेथ, हप्त्यावर घेतलेलं एक सीएनसी आणि तुला धरून चौदा माणसं. तू पितळेचे बुश आणि नोझल करतोस, आणि उत्तम करतोस. निर्यात कधी केलीस? सेवा कसली देतोस? जे काम तू करत नाहीस त्याचंही सर्टिफिकेट तुला मिळालं, याचा अर्थ जे काम तू करतोस ते कुणी पाहिलेलं नाही. एवढं तुझ्या ध्यानात यायला हवं होतं.

आणि ते मॅन्युअल. ४६ पानांची स्पायरल बायंडिंगची वही, तीही फ्रेमसोबत पिशवीत होती. पान १७ वर लिहिलंय की रंगवलेले तागे घडी घालण्यापूर्वी पूर्ण वाळले आहेत याची सुपरवायझरनं खात्री करावी. तुझ्या गाळ्यात तागा कुठे आहे? कुठल्या तरी डाइंगवाल्याची वही, नाव बदलून तुझ्या गळ्यात मारली. पान १७ वर नाव बदलायचंही ते विसरले. तू खाली सही केली आहेस. प्रत्येक पानावर. मी तुला ड्रॉइंग न वाचता जॉब लावायला कधी शिकवलं होतं? आणखी एक सांगतो, म्हणजे फसवणुकीची खोली कळेल. आयएसओ ९००१ ची २०१५ ची आवृत्ती घे. त्या आवृत्तीत 'क्वालिटी मॅन्युअल' नावाची वही सक्तीची राहिलेलीच नाही. जुन्या २००८ च्या आवृत्तीतलं प्रिव्हेन्टिव्ह अ‍ॅक्शनचं वेगळं कलमही काढून टाकलं आहे. तुझ्या वहीत दोन्ही आहेत, आणि कव्हरवर मात्र २०१५ छापलंय.

आता तुला वर्कशॉपमध्ये नेतो. आयटीआयचं पहिलं वर्ष आठव. तुझा स्टेप टर्निंगचा जॉब मी भंगाराच्या पेटीत टाकला होता. तू डोळ्यांत पाणी आणून सांगत होतास, "सर, माप बरोबर आहे, तीनदा घेतलंय." तुझं वाचन बरोबरच होतं. चुकला होता मायक्रोमीटर. अ‍ॅन्व्हिल आणि स्पिंडल टेकवल्यावर शून्य यायला हवं तिथे ०.०४ मिमी दाखवत होता आणि तू ते तपासलं नव्हतंस. चुकीच्या मापकानं तीनदा मोजलं काय आणि तीस वेळा मोजलं काय. त्या दिवसानंतर तू हातात घेतलेलं प्रत्येक उपकरण आधी शून्यावर तपासलंस. आजही तपासतोस. तुझ्या मायक्रोमीटरवर कॅलिब्रेशनचं स्टिकर असतं, पुढची तारीख असते, फाइलमध्ये लॅबचा रिपोर्ट असतो. ती लॅब एनएबीएलची मान्यता असलेलीच हवी म्हणून तू दोन पैसे जास्त मोजतोस. का मोजतोस? कारण त्या लॅबच्या स्लिप गेज तिच्याहून वरच्या मास्टरशी ताडलेल्या असतात, आणि तो मास्टर ताडत ताडत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचतो. मध्ये एक कडी तुटली तर ते स्टिकर म्हणजे नुसता डिंक लावलेला कागद. हे तू तुझ्या हेल्परलासुद्धा समजावून सांगतोस. मी स्वतः ऐकलंय.

मग सर्टिफिकेट घेताना ही अक्कल कुठे गेली?

अ‍ॅक्रेडिटेशन म्हणजे तपासणाऱ्याचं कॅलिब्रेशन. त्याहून अवघड त्यात काही नाही. तुझा कारखाना तपासते ती सर्टिफिकेशन संस्था. त्या संस्थेला येऊन तपासतं ते अ‍ॅक्रेडिटेशन बोर्ड. तिचे ऑडिटर शिकलेले आहेत का, तुझ्या धंद्यातलं त्यांना कळतं का, ऑडिटला त्यांनी पुरेसा वेळ दिला का, पैसे घेऊन डोळेझाक केली का, हे सगळं ते पाहतं. आपल्याकडे हे काम एनएबीसीबी करते. ती क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचा भाग, आणि हे कौन्सिल १९९७ मध्ये भारत सरकारनं असोचेम, सीआयआय आणि फिक्की या उद्योगसंघटनांसोबत उभं केलं. इंग्लंडात युकास आहे, अमेरिकेत अ‍ॅनॅब, जर्मनीत डाक्स. ही बोर्डंही मोकाट नाहीत. दुसऱ्या देशांतल्या बोर्डांची माणसं येऊन त्यांना तपासतात, आणि इंटरनॅशनल अ‍ॅक्रेडिटेशन फोरमनं, म्हणजे आयएएफनं, बांधलेल्या परस्पर मान्यतेच्या करारात टिकतात त्यांचाच शिक्का दुसऱ्या देशात चालतो. म्हणून इथल्या गाळ्यातलं सर्टिफिकेट तिकडे स्टुटगार्टमधला खरेदीवाला मानतो. तुझ्या मायक्रोमीटरपासून दिल्लीपर्यंत जाते तशीच ही साखळी आहे. तुझ्या फ्रेममध्ये तिची पहिली कडीसुद्धा नाही.

तू फोनवर म्हणालास, "सर, खाली बोर्डाचं नाव आहे की." आहे. भलंमोठं नाव आहे, त्यात 'इंटरनॅशनल' दोनदा आहे. मी शेजारच्या मुलाला बसवून इंटरनेटवर शोधलं. परस्पर मान्यतेच्या यादीत ते बोर्ड नाही. त्या बोर्डाचा पत्ता आणि तुला सर्टिफिकेट देणाऱ्याचा पत्ता एकच आहे, मजलासुद्धा तोच. एका हातानं दुसऱ्या हाताला सर्टिफिकेट दिलंय. ज्यानं तुला मॅन्युअल विकलं, त्यानंच सर्टिफिकेटवर सही केली. म्हणजे पेपर काढणारा, कॉपी पुरवणारा आणि पेपर तपासणारा एकच माणूस. मान्यता असलेल्या संस्थेला हे करताच येत नाही. तिच्यासाठीच्या १७०२१ या मानकात स्पष्ट बंधन आहे: ज्याला सल्ला दिलास त्याला सर्टिफिकेट देऊ नकोस.

आता वेळेचं बघू, कारण फसवणूक तिथे सगळ्यात उघडी पडते. मान्यता असलेल्या संस्थांना ऑडिटला किती दिवस द्यायचे याचा तक्ता बांधून दिलेला आहे, माणसांच्या संख्येवर. अकरा ते पंधरा माणसं असतील तर पहिल्या ऑडिटला अडीच दिवस. काम सोपं असेल तर त्यात कपात करता येते, पण तिलाही मर्यादा आहे. ऑडिट दोन टप्प्यांत होतं. पहिल्यात तयारी बघतात, दुसऱ्यात तुझ्या मशिनपाशी उभं राहून विचारतात. हा बुश का रिजेक्ट झाला, रिजेक्ट झालेला माल कुठे ठेवतोस, चांगल्या मालात तो मिसळणार नाही याची काय सोय, पितळेच्या रॉडचा टेस्ट रिपोर्ट दाखव, नवीन ऑपरेटरला कुणी शिकवलं. सर्टिफिकेट तीन वर्षांचं, आणि मध्ये दरवर्षी पुन्हा येऊन तपासणी. हे सगळं तुझ्याकडे तीन फोटोंत आणि चार हजार रुपयांत झालं. त्या फोटोंत तुझ्या रिजेक्शनच्या पेटीचा फोटो कुणी मागितला होता का?

तू म्हणशील, सगळेच घेतात. हे वाक्य तू माझ्यासमोर उच्चारू नकोस. गेल्या वर्षी एक पोरगा तुझ्याकडे टर्नर म्हणून आला होता. कुठल्याशा क्लासचं रंगीत सर्टिफिकेट घेऊन. तू ते उलटंपालटं करून परत दिलंस आणि म्हणालास, "हे एनसीव्हीटीचं नाही, मला चालणार नाही." मी तिथेच बसलो होतो चहा घेत. पोरगा खाली मान घालून गेला. त्याच्या आईनं दागिना गहाण टाकून त्या क्लासची फी भरली असेल, कुणास ठाऊक. त्या पोराला तू जो न्याय लावलास तो स्वतःला का लावत नाहीस? तो तर वीस वर्षांचा होता. तुझी चाळिशी उलटली.

एक गोष्ट मात्र खरी सांगितली पाहिजे. अ‍ॅक्रेडिटेशन कायद्यानं सक्तीचं नाही. आयएसओ स्वतःही ते सक्तीचं मानत नाही. मान्यता न घेतलेली प्रत्येक संस्था चोर असते असं मी म्हणणार नाही, आणि मान्यता असलेल्या संस्थेचा प्रत्येक ऑडिटर देवमाणूस असतो असंही नाही. जेवण करून, फाइल चाळून, सही करून गेलेले ऑडिटर मी पाहिले आहेत आणि त्यांचा मला तितकाच संताप येतो. पण फरक काय ते समजून घे. तिथे तक्रार करायला दार आहे. आधी त्या संस्थेकडे, तिनं दाद दिली नाही तर एनएबीसीबीकडे. तुझ्या फ्रेमवाल्याविरुद्ध कुणाच्या दारात जाशील? त्याच्या फोनवर? तो नंबर मी लावून पाहिला, बंद आहे.

"पार्टीनं फक्त कागद मागितला होता, सर." हे तुझं दुसरं कारण. मग तू त्या पार्टीच्या व्हेंडर फॉर्मवर काय लिहिलंस ते मला सांग. 'आयएसओ ९००१ प्रमाणित: होय', आणि खाली 'वरील माहिती सत्य आहे', आणि सही. ती सही फ्रेमवाल्याची नाही, तुझी आहे. उद्या त्यांचा क्वालिटीचा माणूस बसल्या जागी आयएएफच्या सर्टसर्च या इंटरनेटवरच्या यादीत तुझं नाव टाकेल. दोन मिनिटांचं काम आहे. नाव सापडलं नाही तर तो तुला फोन करून विचारेल, अशी आशा ठेवू नकोस. पुढची ऑर्डर येणार नाही, एवढंच होईल, आणि का आली नाही हे तुला कधी कळणारही नाही. सरकारी टेंडरमध्ये हेच केलंस तर काळ्या यादीत जाशील. एक मुलगा माझ्याच हाताखालून शिकून गेलेला तिथे पोचला आहे. त्याची मशिनं आज दुसऱ्याच्या गाळ्यात फिरतात.

आणि बुशच्या पाकिटांवर तू 'आयएसओ प्रमाणित बुश' असं छापून घेतलंस, ते तर ताबडतोब थांबव. खरं सर्टिफिकेट असतं तरी ते छापता आलं नसतं. ९००१ हे कामाच्या पद्धतीचं मानक आहे, वस्तूचं नाही. वस्तूवर शिक्का असतो तो आयएसआयचा, बीआयएस देते तो, आणि त्याचे नियम, त्याचा कायदा वेगळा. गिऱ्हाईक पाकीट हातात घेऊन समजणार की हा बुश कुणीतरी तपासून पास केलाय. तुझ्या मालाला खोटेपणाची गरज नव्हती रे. तोच माल मी माझ्या हातानं मोजलाय, तो मापात असतो. चांगल्या मालावर तू खोटं लेबल चिकटवलंस, याचं मला सगळ्यात जास्त दुःख झालं.

तू कुठे उभा आहेस ते तरी आठव. एमआयडीसीचा जन्म झाला तो १ ऑगस्ट १९६२ ला, ठाण्याच्या याच वागळे इस्टेटमध्ये, यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत झालेल्या छोट्याशा समारंभात. पुढे सगळ्या महाराष्ट्रात वसाहती उभ्या राहिल्या, त्यांचं पहिलं पाऊल इथे पडलं. मी इथे शिकवायला लागलो तेव्हा किसननगरपासून चेकनाक्यापर्यंत पहाटे सायकलींची रांग असायची आणि भोंग्यावर घड्याळ लावता यायचं. ते कारखाने किती राहिले ते तू बघतोच आहेस. त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. जे लेथवाले उरले ते जागेच्या भाड्याला पुरून उरले, कारण बाहेरचा खरेदीवाला म्हणायचा, वागळेतल्या माणसानं माप सांगितलं म्हणजे माप आहे. ही पत तुझ्या एकट्याची नाही. ती तू चार हजारांत मोडायला काढलीस.

परवडत नाही म्हणतोस. मग घेऊ नकोस! सर्टिफिकेट नसणं हा गुन्हा नाही. तुझ्या सध्याच्या पार्ट्यांपैकी किती जणांना ते खरोखर हवंय, हे आधी विचार. बहुतेकांना तुझा माल वेळेवर आणि मापात हवा आहे. ज्यांना तुझी पद्धत बघायची आहे त्यांना म्हण, या, स्वतः येऊन बघा. मानक विकत आण, वाच, त्याप्रमाणे काम लाव, आणि सर्टिफिकेट न घेता फॉर्मवर 'नाही' लिही. त्या 'नाही'ची मला लाज वाटणार नाही.

घ्यायचंच असेल तर पायरीपायरीनं चढ. केंद्र सरकारची झेड योजना आहे, २०२२ मध्ये नव्यानं आणलेली, लहान कारखान्यांसाठीच. तुझं उद्यम रजिस्ट्रेशन आहेच. ब्राँझ पातळीची फी दहा हजार ठेवली होती आणि त्यात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के सवलत. म्हणजे फ्रेमवाल्याला दिलेस त्याच्या निम्म्यात. आज काय चालू आहे ते जाऊन विचार. ठाण्याच्या लघुउद्योजकांच्या संघटनेचं, टिसाचं, ऑफिस वागळेतच आहे, तुझ्या गाळ्यापासून चालत जाता येईल. तिथे आजवर एकदा तरी पाऊल टाकलंस का?

९००१ च्या वाटेला गेलास तर कोटेशन मागताना किंमत शेवटी विचार. आधी विचार, तुमचं अ‍ॅक्रेडिटेशन कुणाचं, आणि ते नाव एनएबीसीबीच्या यादीत स्वतः बघ. नुसतं नाव असून भागत नाही. त्या संस्थेला तुझ्या धंद्याची मान्यता आहे का ते बघ. धातू आणि धातूच्या वस्तू यांचा गट १७ नंबरचा आहे. कापडाची मान्यता असलेली संस्था तुझं टर्निंग तपासायला आली तर पुन्हा तागेच मोजत बसेल. मान्यता असलेल्या काही संस्था बोर्डाचा शिक्का नसलेलंही सर्टिफिकेट देतात, तेव्हा तुझ्या कागदावर तो शिक्का छापलाय का ते डोळ्यांनी बघ. ऑडिटला किती दिवस आणि कोण येणार, ते लेखी घे. जो म्हणेल 'यायची गरज नाही', त्याचा फोन तिथेच ठेव.

रविवारी तुझा धाकटा फ्रेमकडे बोट दाखवून मला म्हणाला, "आजोबा, हे बाबांचं बक्षीस." मी त्याला काही सांगितलं नाही. ते तुलाच सांगावं लागेल.

शनिवारी संध्याकाळी गाळा बंद करून ये. फ्रेम दाराशी ठेवली आहे, ती घेऊन जा. त्या पार्टीला लिहायच्या पत्राचा कच्चा मसुदा सोबत आण, आधी दिलेली माहिती चुकीची होती असं सरळ लिहिलेला. मी वाचून देतो. गेल्या सहा महिन्यांत परत आलेले सगळे बुश एका पिशवीत घालून आण, आणि रिजेक्शनचं रजिस्टरही. लिहिलेलं नसेल तर कोरी वही आण. माझा मायक्रोमीटर मी काढून ठेवतो. आपण दोघं एकेक बुश मोजू आणि तो का परत आला ते तुझ्या अक्षरात लिहू. रात्रीचं जेवण इथेच कर, काकूंना सांगून ठेवलं आहे.